अजिंठ्याच्या तैलप्रती: गिल, ग्रिफिथ्स आणि जे. जे.ची मुलं

वाघूरकाठ (धागाकर्ता)

जुन्या चित्रांच्या तैलरंगातल्या प्रती करून देणं हा माझा व्यवसाय. रविवर्मा, धुरंधर, पेशवाईतली व्यक्तिचित्रं, क्वचित एखादा रेम्ब्रां. कॅनव्हास ताणायचा, ग्रीड मारायचा, अंडरपेंटिंग करायचं आणि मग थरावर थर चढवत बसायचं. चित्र न्यायला आलेली माणसं भरभरून कौतुक करतात, पण पैशांचा विषय निघाला की हमखास म्हणतात, "तसं बघितलं तर कॉपीच आहे ना." त्यांच्याशी मी वाद घालत नाही. इथे मात्र सविस्तर लिहितो, कारण हाताने केलेल्या प्रतीचं मोल काय असतं हे अजिंठ्याइतकं लख्ख दुसरीकडे क्वचितच कळतं.

विस्मरणात गेलेली ही लेणी पुन्हा उजेडात आणणाऱ्या इंग्रज अधिकारी जॉन स्मिथची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. १८१९ चा एप्रिल, शिकार, दहा नंबरचं लेणं आणि बोधिसत्त्वाच्या अंगावर कोरलेलं स्वतःचं नाव. ती सोडून पुढे जातो.

१८४३ मध्ये स्थापत्याचा अभ्यासक जेम्स फर्ग्युसनने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत भारतातल्या लेण्यांवर निबंध वाचला. ही चित्रं नष्ट होत चालली आहेत, निदान त्यांच्या प्रती तरी करून घ्या, असा त्याने धोशा लावला. कंपनी सरकारने ऐकलं आणि १८४४ मध्ये मद्रास लष्करातल्या रॉबर्ट गिलची या कामावर नेमणूक झाली. गिल अजिंठा गावातल्या बारादरीत येऊन राहिला आणि १८६३ पर्यंत प्रती करत राहिला. काळोखी लेणी, वटवाघळं, आजूबाजूला वाघांचं रान, आणि समोर दीड हजार वर्षांपूर्वीची भिंत. सुमारे २७ मोठ्या तैलप्रती झाल्या. लंडनजवळ सिडनहॅमला क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडल्या होत्या. ३० डिसेंबर १८६६ ला तिथे आग लागली आणि चार-पाच सोडून बाकी सगळ्या गेल्या.

पुन्हा सुरुवात झाली ती १८७२ मध्ये. या वेळी मुंबई सरकारने काम दिलं जॉन ग्रिफिथ्सला. हा मुंबईच्या जे. जे. स्कूल या कलाशाळेत १८६५ पासून शिकवत होता. तो एकटा गेला नाही, शाळेतले विद्यार्थी घेऊन गेला. तेरा वर्षं हे काम चाललं, मुख्यतः हिवाळ्यात. कॅनव्हासवर, तैलरंगात, सुमारे ३०० प्रती. त्याही लंडनला गेल्या, आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला लागलेल्या आगीत त्यातल्या शंभरावर जळाल्या.

जपानी चित्रकार अराई काम्पो १९१६ ते १९१८ या काळात इथे येऊन जपानी कागदावर प्रती करून गेला. त्या टोकियोच्या विद्यापीठात ठेवलेल्या होत्या, १९२३ च्या भूकंपात नष्ट झाल्या.

भिंत टिकणार नाही या भीतीने प्रती केल्या, तर प्रतीच जळाल्या आणि भिंत राहिली. पण जशीच्या तशी राहिली नाही. ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांना दिसलेले कितीतरी तपशील आज भिंतीवर उरलेले नाहीत. ते बघायचे तर लंडनमधल्या कॅनव्हासवर बघायचे, नाहीतर ग्रिफिथ्सने १८९६-९७ मध्ये छापलेल्या दोन मोठ्या खंडांत. तेवढ्या जागेपुरती प्रत हेच मूळ चित्र आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की या तैलप्रती स्वतंत्र कलाकृती म्हणून बघायला हव्यात आणि त्या करणाऱ्या मुंबईच्या मुलांची नावं आपल्याला माहीत हवीत. ग्रिफिथ्सचं नाव सगळे घेतात. ब्रश ज्यांच्या हातात होता त्यांचं कोण घेतं?

ज्यांनी या प्रती बघितल्या आहेत, त्यांच्याबद्दल वाचलं आहे, त्यांनी कृपया लिहा.

कोरा_कॅनव्हास

सुंदर धागा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

एक भाबडा प्रश्न: त्या अंधारात त्यांना दिसत कसं असेल? मी एक नंबरच्या लेण्यात गेलो तेव्हा डोळे सरावायलाच बराच वेळ लागला, आणि हल्ली तर तिथे दिवे आहेत.

खानदेशी

आम्ही भुसावळचे. गिलची कबर आमच्याकडे आहे. १८७९ मध्ये तो इथे वारला. अजिंठा गावात त्याची इथली प्रेयसी पारो हिची कबर आहे, तिच्यावर १८५६ साल आहे, गिलनेच ती बांधली.

आमच्या भागात गिल म्हटलं की लोक गिल आणि पारो एवढंच सांगतात. कथा लोकांना आवडते, आवडू दे. पण तो माणूस जवळजवळ वीस वर्षं चित्रं काढत होता, ती जळाल्यावरही तो अजिंठ्यातच राहिला, हे कुणी सांगत नाही. आणि तो फोटोही काढायचा. डोळ्यांना लावायच्या यंत्रातून बघितलं की खोली दिसते तसले जोडफोटो. १८६४ मध्ये फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याच्या फोटोंची पुस्तकं लंडनला निघाली आहेत. अजिंठ्याची पहिली फोटो-नोंद त्याचीच.

पाहुणे आले की मी त्यांना लेण्यांआधी बारादरीकडे नेतो. आधी माणूस समजला की चित्रं वेगळी दिसतात.

अनुराधा_ठाणे

धागा आवडला, पण एक बाजू राहिली आहे आणि ती गंभीर आहे.

या प्रती करताना मूळ चित्रांचं नुकसान झालं. रंग नीट दिसावेत म्हणून भिंतीवरच्या चित्रांना व्हार्निश फासलं गेलं. ग्रिफिथ्सच्या काळात तर हलक्या प्रतीचं व्हार्निश मोठ्या प्रमाणावर लावलं. लावल्या लावल्या रंग उजळून दिसतात, पुढे तेच व्हार्निश पिवळं पडतं, त्यावर धूळ आणि वटवाघळांची घाण चिकटते, आकसताना ते खालचा रंगही ओढून काढतं. आज आपण "अजिंठ्याचा तो सुंदर तपकिरी-सोनेरी रंग" म्हणतो तो बऱ्याच ठिकाणी व्हार्निशचा आहे, वाकाटकांच्या चित्रकाराचा नाही.

प्रत करायची म्हणून मूळ चित्राला इजा करणाऱ्यांचं किती कौतुक करायचं?

वाघूरकाठ

अनुराधाताई, तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे आणि तो धाग्यात यायलाच हवा होता. व्हार्निशचा तो थर पुढच्या सगळ्यांना निस्तरावा लागला. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि त्याचा सहायक काउंट ओर्सिनी यांना बोलावलं. त्यांनी सुटू लागलेला गिलावा भिंतीला पुन्हा बसवला, चित्रं साफ केली. पुढे पुरातत्त्व खात्यालाही सफाईचं काम करावं लागलं.

तरी मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. व्हार्निश लावायचा निर्णय वरच्यांचा. कॅनव्हाससमोर बसलेल्या विद्यार्थ्याला कुणी विचारलं नसणार. शिवाय त्या काळात युरोपातही मळलेल्या चित्रावर व्हार्निशचा हात मारणं ही सर्रास चालणारी गोष्ट होती. त्याने नुकसान भरून येत नाही, पण ते कसं घडलं ते कळतं.

कोरा_कॅनव्हास, उजेडाबद्दल: लेण्यांचं तोंड कुठल्या दिशेला आहे त्यावर कुठल्या लेण्यात कधी उजेड शिरतो ते ठरतं. अजिंठ्याचा डोंगर घोड्याच्या नालासारखा वळलेला असल्याने प्रत्येक लेण्याची वेळ निराळी. प्रत करणाऱ्याला ते वेळापत्रक पाठ करावंच लागतं. मी स्वतः म्युझियममध्ये बसून प्रत करतो तेव्हाही खिडकीचा उजेड फिरला की रंग कालवायचं थांबवतो. सकाळच्या उजेडात जुळवलेला रंग दुपारी हमखास चुकीचा वाटतो.

जवसतेल

मी जुन्या चित्रांच्या दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहितो. माझ्या मते मूळ अडचण व्हार्निशच्याही आधीची आहे. अजिंठ्याची प्रत तैलरंगात करणं हेच अवघड जागेचं दुखणं आहे.

अजिंठ्याची भिंत बघा. कातळावर मातीचा गिलावा, त्यात भाताचा तूस, गवताचे धागे, बारीक खडी. वर पांढरा पातळ लेप. तो सुकल्यावर त्यावर सरस घातलेले रंग. युरोपातल्या फ्रेस्कोसारखं ओल्या चुन्यात रंगवलेलं हे काम नाही. रंगही मोजकेच: तांबडी गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढऱ्यासाठी चुना, जिप्सम किंवा केओलिन, आणि निळ्यासाठी अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्द.

हेच रंग तेलात घाला आणि बघा काय होतं. सरसातला लाजवर्द कोरडा, उजळ, जरा पिठूळ निळा दिसतो. तेलात तोच निळा खोल जातो, काळवंडतो. खडूसारखा पांढरा सरसात पांढराशुभ्र, तेलात टाकला की पारदर्शक होऊन मातकट दिसतो. म्हणून तैलरंगात पांढऱ्यासाठी वेगळंच द्रव्य वापरावं लागतं. त्या काळी शिशाचा पांढरा असायचा, आता टायटॅनियम. हिरवी माती तर तेलात जवळजवळ नुसती झिलई देते, अंगच धरत नाही.

शिवाय चकाकी. भिंत मॅट असते, तैलचित्र चमकतं. आणि जवसाचं तेल वर्षागणिक पिवळं पडतं. म्हणजे प्रत केली त्या दिवशी अगदी जुळली असली तरी शंभर वर्षांनी ती भिंतीपासून आपोआप लांब गेलेली असणार.

ग्रिफिथ्सनंतर इथे प्रती करायला आलेल्या लेडी हेरिंगहॅमने तैलरंग का टाळला हे त्यामुळे मला पटतं. त्याबद्दल कुणी लिहिलं तर बरं.

रेषाळ

जवसतेल यांनी नेमकं बोट ठेवलं. हेरिंगहॅमबद्दल मी लिहिते, माझा आवडता विषय आहे.

ख्रिस्तियाना हेरिंगहॅम स्वतः उत्तम प्रतकार होती. जुन्या इटालियन चित्रांच्या प्रती अंड्याच्या टेंपरात, म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगात करायची. त्यासाठी चेन्निनो चेन्निनीचा जुना हस्तकौशल्याचा ग्रंथ तिने इंग्रजीत आणला, १८९९ मध्ये. मूळ चित्र ज्या पद्धतीने झालं त्या पद्धतीच्या जवळ जाऊनच प्रत करायची, ही तिची शिस्त. १९०९ ते १९११ मध्ये ती अजिंठ्याला आली तेव्हा कलकत्त्याची मुलं मदतीला होती: नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्त, व्यंकटप्पा. हैदराबादेहून सय्यद अहमद आणि फझलुद्दीन होते. त्यांनी जलरंग वापरले. १९१५ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने त्या प्रती छापल्या.

नंदलालबाबूंवर या कामाचा किती परिणाम झाला हे त्यांच्या पुढच्या चित्रांत दिसतंच. रेषेचा तो आत्मविश्वास अजिंठ्याच्या भिंतीसमोर बसल्याशिवाय येत नाही.

मला म्हणून वाटतं की अजिंठ्याचा प्राण रेषेत आहे आणि तैलरंगाचा प्राण छटेत. तैलप्रतीत शरीरं गोलाई घेऊन पुढे येतात, छान दिसतात, पण भुवईपासून निघालेली ती एक लांब रेषा मऊ पडते. ग्रिफिथ्सच्या प्रतींत मला व्हिक्टोरियन काळातला स्टुडिओ दिसतो.

वाघूरकाठ

रेषाळ, तुमच्याशी अर्धा सहमत.

रेषा ग्रिफिथ्सला दिसली नव्हती असं नाही. त्याने लिहून ठेवलंय की उभ्या भिंतीवर, ब्रशच्या एका फटक्यात, जाडी न बदलता काढलेल्या त्या लांब नाजूक वळणांनी तो थक्क झाला होता, आणि मान मोडून काढाव्या लागणाऱ्या छतावरही तीच सफाई बघून त्याला तो जवळजवळ चमत्कार वाटला. भारतीय कलाविद्यार्थ्यापुढे ठेवायला याहून चांगले नमुने नाहीत, असंही त्याचं मत होतं. जे. जे.मध्ये मुलांना ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे समोर ठेवून शिकवत, त्या काळात हे मत लहान नाही.

आणि छटेचं म्हणाल तर अजिंठ्याला छटा परकी नाही. एक नंबरच्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या नाकाच्या दांड्यावर, हनुवटीवर, खालच्या ओठावर उजेडाचे ठिपके आहेत. बाजूला गडद करत नेलेली वर्तना, म्हणजे छटेने आणलेली गोलाई आहे. तैलरंगात ती गोलाई पकडायची सोय आहे. जलरंगात रेषा पकडायची सोय आहे. दोन्ही प्रतींत भिंतीतला एकेक भाग आला. सोळा नंबरच्या लेण्यातलं काम समजून घ्यायचं तर मी दोन्ही शेजारी ठेवतो.

लंडनमधून

दोन दिवस धागा वाचतोय, आज बोलतो.

या प्रती आता व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे आहेत. गिल आणि ग्रिफिथ्स दोघांच्या मिळून १६६ उरल्या आहेत. इथे येणाऱ्या मराठी पाहुण्यांना मी नेहमी सांगतो की दालनात शोधू नका, सापडणार नाहीत. १९५५ नंतर त्या कायमच्या मांडलेल्याच नाहीत. कारणं उघड आहेत: आकार प्रचंड, व्हार्निश काळं पडलेलं, आगीची आणि पाण्याची झळ. २००६ च्या सुमारास त्यांतल्या जवळजवळ निम्म्या प्रतींवर जतनाचं काम झालं आणि त्यांचे फोटो म्युझियमच्या संकेतस्थळावर आले. घरबसल्या मोठे करून बघता येतात. अजिंठा आणि ग्रिफिथ्स एवढं टाकून शोधलं की येतात.

फोटो मोठा करून बघताना माझं लक्ष गेलं ते पोपडे उडालेल्या जागांकडे. जिथे भिंतीवर रंग गेला होता तिथे त्या मुलांनी उडालेला रंगच रंगवलाय. भेग असली तर भेग, डाग असला तर डाग. हात अर्धा गळून पडला असेल तर अर्धाच. मनाने पूर्ण केलेला नाही. तैलरंगात गिलाव्याचा तुटका काठ इतक्या इमानाने काढणाऱ्या विद्यार्थ्याबद्दल मला फार आदर वाटतो.

अनुराधा_ठाणे

लंडनमधून, हा मुद्दा मला माहीत नव्हता. आता ते फोटो उघडून बसले आहे. व्हार्निशबद्दलचं माझं मत कायम आहे, पण त्या मुलांचं काम फार प्रामाणिक आहे हे मान्य करावंच लागेल.

गिरगावकर

एक जोड देतो. अजिंठ्याच्या प्रतींचा परिणाम जे. जे.च्या कुंभारकामावरही झाला. जॉर्ज टेरीच्या देखरेखीखाली शाळेत जी चकचकीत भांडी आणि फुलदाण्या व्हायच्या, त्यांवर अजिंठ्याची वेलबुट्टी आणि आकृत्या उतरल्या. छतावरची कमळं, हंस, बुटक्या माणसांच्या जोड्या. तेव्हा परदेशी प्रदर्शनांत ही भांडी गेली. म्हणजे मुलं हिवाळ्यात लेण्यांजवळच्या फर्दापूरच्या बाजूला जायची आणि तिथली नक्षी मुंबईत चाकावरच्या मडक्यावर यायची.

नवी_मुंबईकर

फार माहितीपूर्ण चर्चा चालली आहे आणि मी मध्येच घरगुती प्रश्न विचारते, रागावू नका.

नव्या घराच्या हॉलसाठी आम्हाला अजिंठ्याच्या पद्मपाणीची हाताने केलेली तैलप्रत करून घ्यायची आहे. ऑनलाइन बघितलं तर 'हँडपेंटेड' म्हणून दोन-चार हजारांपासून लाखापर्यंत आकडे दिसतात. एका ठिकाणी चौकशी केली, त्यांनी पाठवलेल्या नमुन्यात पद्मपाणी एकदम गुळगुळीत, गोरा, पूर्ण मुकुट, एकही भेग नाही. सासूबाईंना तो आवडला. मला काहीतरी खटकतंय पण नेमकं सांगता येत नाही. काय बघून ऑर्डर द्यावी?

खानदेशी

ताई, एकदा जळगावहून गाडी करा आणि लेणं बघून या. साठ किलोमीटर आहे. मग खटकलं ते काय हे आपोआप कळेल.

जवसतेल

आधी हाताने केलेलं आहे की कॅनव्हासवर छापून वरून पारदर्शक जेलचे ब्रश फिरवलेत ते तपासा. हा प्रकार सर्रास चालतो. बॅटरीचा उजेड चित्रावर बाजूने, अगदी आडवा पाडायचा. खऱ्या कामात ब्रशचा उंचवटा आणि रंगाची कड एकमेकांना धरून चालतात. छापील चित्रावर जेलचे फराटे एका दिशेने जातात आणि खालचा आकार दुसऱ्या दिशेने. भिंगाने बघितलं तर छपाईचे ठिपके दिसतात. कॅनव्हासच्या वळवलेल्या कडा बघा. हाताने काम करणाऱ्याच्या कडेला रंगाचे ओघळ, अंडरपेंटिंगचा तपकिरी हात दिसतोच.

चीनमधल्या शेन्झेनजवळचं दाफेन गाव माहीत असेल. १९८९ पासून तिथे हजारोंनी लोक तैलप्रती करतात, जगभर जातात. काम हाताचंच असतं, पण एक जण फक्त आकाश, दुसरा फक्त चेहरे, असंही तिथे चालतं. स्वस्तात मिळणारी बरीच चित्रं अशा घाऊक कामातून येतात. त्यात फसवणूक नाही, पण अजिंठा समजून घेऊन केलेलं काम त्यातून मिळणार नाही.

वाघूरकाठ

नवी_मुंबईकर, रागावायचं कसलं, धागा त्यासाठीच आहे.

तुम्हाला खटकतंय ते असं. नमुन्यात चित्रकाराने भिंत काढून टाकली आहे. पद्मपाणीचा चेहरा सुटा करून त्याला फोटो स्टुडिओतल्या दिव्याखाली बसवलं आहे. अजिंठ्यात तो एकटा नाही. त्याच्या मागे डोंगर आहे, झाडं आहेत, माणसं, माकडं, मोर आहेत, आणि तो त्या गर्दीतून किंचित मान कलवून खाली बघतो. मागचा भाग सपाट काळा केला की त्याची नजर कशाकडे आहे हेच कळत नाही.

मी स्वतः पद्मपाणी करतो तेव्हा काय करतो ते सांगतो, त्यावरून चित्रकाराला काय विचारायचं ते तुम्हाला ठरवता येईल.

कॅनव्हासवर आधी गेरू आणि पांढरा मिसळून कोरडा, मातकट थर देतो. पांढऱ्या कॅनव्हासवर अजिंठा उभा राहत नाही. रेखाटन गेरूनेच, लांब केसांच्या गोल ब्रशने, आणि भुवईची रेषा मात्र शेवटी, एका श्वासात. तिथे हात थांबला तर रेषा पुसून पुन्हा काढतो. रंगात तेल कमीत कमी. रंग आधी टिपकागदावर पसरून तेल शोषून घेतो, मग त्यात मेण आणि टर्पेन्टाइनचं मिश्रण घालतो, म्हणजे चमक मरते आणि पृष्ठभाग भिंतीच्या जवळ जातो. अंगाचा रंग गोरा नाही आणि गुलाबी तर नाहीच. पिवळी माती, गेरू, थोडी हिरवी माती, आणि उजेडाच्या जागी पांढऱ्यात भिजवलेली पिवळी माती. त्याच्या हातातलं ते निळं कमळ आता बरंच फिकट झालंय. त्याला आपल्या मनाने गडद निळं करायचं नाही.

भेगा ठेवायच्या की नाही, हा खरा प्रश्न. मी ठेवतो. वाटल्यास सासूबाईंना म्युझियमच्या संकेतस्थळावरचे ते फोटो दाखवा. मुकुटाचा एखादा भाग उडालेला आहे म्हणून चित्र अपुरं वाटत नाही, उलट उरलेल्या भागाकडे माणूस लक्ष देऊन बघतो.

रेषाळ

इथे मी धागाकर्त्यांशी पूर्ण सहमत आहे. भेगा गाळल्या की ते अजिंठ्याचं चित्र राहत नाही, कॅलेंडरचं होतं.

गिरगावकर

मला मात्र हे एवढं कडक वाटत नाही. वाकाटकांच्या काळातल्या चित्रकाराने भेगा काढल्या नव्हत्या. त्याने सबंध चेहरा काढला होता. कुणी अभ्यास करून, जुन्या प्रती तपासून, ते चित्र पहिल्या दिवशी कसं असेल याची कल्पना रंगवली तर तीही प्रामाणिक प्रत होऊ शकते. अट एवढीच की हे कल्पनेने भरलेलं आहे असं त्याने सांगावं.

वाघूरकाठ

गिरगावकर, सांगितलं तर माझी अजिबात हरकत नाही. बहुतेक ठिकाणी सांगत नाहीत हीच अडचण आहे. पॅरिसच्या लूव्ह्रमध्ये प्रतकारांसाठी नियम आहेत: प्रतीचा आकार मूळ चित्राएवढा ठेवायचा नाही आणि मूळ चित्रकाराची सही उतरवायची नाही. साधे नियम, पण त्यामुळे प्रत प्रत म्हणून ताठ मानेने जगते. आपल्याकडे रविवर्म्याच्या प्रतीवर रविवर्म्याची सही मागणारे लोक भेटतात. मी साफ नाही म्हणतो.

नवी_मुंबईकर

तुम्हा सगळ्यांच्या प्रतिसादांनी घरात वेगळीच चर्चा सुरू झाली. रात्री सासूबाईंना ते फोटो दाखवले. पद्मपाणी बाजूलाच राहिला, त्या दुसऱ्याच चित्रापाशी थांबल्या. एक बाई मान टाकून बसली आहे, मैत्रिणी सावरताहेत. सोळा नंबरचं लेणं असं लिहिलंय. "हिला काय झालंय?" म्हणून विचारत होत्या. ही प्रत होऊ शकेल का?

वाघूरकाठ

होऊ शकेल, आणि सासूबाईंची नजर थेट सर्वोत्तम चित्रावर गेली आहे.

ग्रिफिथ्स या चित्राला 'मरणासन्न राजकन्या' म्हणतो. त्याने लिहिलंय की फ्लोरेन्सच्या चित्रकाराने याहून चांगलं रेखाटन केलं असतं, व्हेनिसच्या चित्रकाराने याहून चांगला रंग दिला असता, पण याहून जास्त भाव दोघांपैकी कुणालाही ओतता आला नसता. पुढच्या अभ्यासकांनी कथा ओळखली. ही बुद्धाचा भाऊ नंद याची बायको सुंदरी. नंदाने दीक्षा घेतली आणि त्याचा मुकुट घेऊन सेवक परत आला आहे. तो मुकुट बघून ती कोसळली. सासूबाईंना एवढं सांगा, बाकी चित्र सांगेल.

एक अडचण आहे. भिंतीवर आज ते चित्र बरंच पुसट आहे, तपशील धरायला कठीण जातं. त्यामुळे मी ग्रिफिथ्सच्या खंडातल्या छापील पानावरून आणि म्युझियमच्या फोटोवरून काम करीन, आणि रंग ठरवायला पुन्हा लेण्यात जाऊन उभा राहीन. हक्कांचा प्रश्न येत नाही, ग्रिफिथ्स १९१८ मध्ये वारला.

म्हणजे ही प्रतीची प्रत होईल, हे आधीच सांगतो. मागच्या बाजूला मी तसंच लिहून देईन: लेणे क्र. १६, अजिंठा, पाचवं शतक. त्यावरून जे. जे. स्कूलचे विद्यार्थी, १८७२ ते १८८५. त्यावरून मी आणि साल.

कोरा_कॅनव्हास

'जे. जे. स्कूलचे विद्यार्थी' एवढंच का? धाग्याच्या सुरुवातीला तुम्हीच नावांचं विचारलं होतं.

लंडनमधून

नावं आहेत. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतलं सर्वांत ठळक. १८५१ चा जन्म, जे. जे.चा विद्यार्थी, ग्रिफिथ्सच्या अजिंठ्याच्या कामातला प्रमुख हात. पुढे पारशी कुटुंबांतली त्यांची तैलचित्रं फार गाजली. घरातल्या उजेडात बसलेली म्हातारी माणसं काय रंगवली आहेत त्यांनी! १९३८ मध्ये वारले. त्या चित्रांतला ठेहराव तेरा वर्षांच्या भिंतीसमोरच्या बैठकीतून आला असावा असं मला नेहमी वाटतं. बाकीच्या काही विद्यार्थ्यांची नावं म्युझियमच्या नोंदींत प्रत्येक कॅनव्हाससोबत दिलेली आहेत. मी एकेक नोंद उघडून लेणं, भाग आणि नाव असा तक्ता करायला घेतो. इथेच टाकत जाईन.

वाघूरकाठ

फार मोठं काम होईल. सोळा नंबरपासून सुरू करा, म्हणजे नवी_मुंबईकरांच्या चित्रामागे मला नाव घालता येईल.

नवी_मुंबईकर

चालेल, आम्ही थांबतो. एकच शेवटचं: आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल धरते. तैलचित्राला त्रास होईल का?

जवसतेल

होतो. कॅनव्हासच्या मागे बुरशी येते. बाहेरच्या भिंतीवर, विशेषतः पश्चिमेच्या, टांगू नका, आतल्या भिंतीवर टांगा. फ्रेमच्या मागच्या चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळेल. उन्हाची तिरीप पडता कामा नये. काच लावायची गरज नाही. आणि व्हार्निश लावायचंच असेल तर चित्र झाल्यापासून सहा महिने ते वर्षभर थांबून, मॅट व्हार्निशचा एकच पातळ हात. रंग आतून वाळायच्या आधी लावलं तर पुढे तडे जातात.